कामठीचं पान, लखनौचं कपाट आणि अंटार्क्टिकाचा करार



लखनौ म्हटलं की आपल्याला आधी भातखंडे आठवतात. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने तिथे मॅरिस कॉलेज सुरू झालं आणि आज ते त्यांच्याच नावाने चालतं. पण आजचा विषय गाण्याचा नाही. त्याच शहरात, लखनौ विद्यापीठाच्या शेजारी, युनिव्हर्सिटी रोडवर बीरबल साहनी यांच्या नावाची पुराविज्ञान संस्था आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची पानं, लाकडं, बिया, परागकण यांचा तिथे अभ्यास चालतो. अंटार्क्टिका कराराची गोष्ट मी या संस्थेपासून सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, समुद्र शेकडो मैल दूर, मे महिन्यात अंगाची लाही लाही होते, अशा गावाचा दक्षिण ध्रुवाशी काय संबंध? संबंध एका पानाचा आहे. हे पान आपल्या नागपूरजवळच्या कामठीला सापडतं, लखनौच्या कपाटांत आहे आणि अंटार्क्टिकाच्या डोंगरांतही आहे. पाठ्यपुस्तकात हा करार चार ओळींत आटोपतो: १९५९ साल, बारा देश, शांतता, विज्ञान. त्या चार ओळींत भारत कुठेच नसतो. म्हणून मी गोष्ट उलट्या टोकाने सांगतो.

सुरुवात १९१२ सालची. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे चार साथीदार १७ जानेवारीला दक्षिण ध्रुवावर पोचले आणि त्यांना दिसलं की नॉर्वेचा आमुंडसेन महिनाभर आधीच, १४ डिसेंबर १९११ ला, येऊन गेला आहे. परतीची वाट सुरू झाली. अन्न कमी, थंडी वाढत चाललेली, स्लेज स्वतः ओढायची. अशा स्थितीत ८ फेब्रुवारीला बियर्डमोर हिमनदीच्या माथ्याशी, बकली नावाच्या डोंगरापाशी ते थांबले. दगड गोळा करायला! त्यातला डॉक्टर विल्सन हा निसर्ग अभ्यासक होता. त्याला खडकांत कोळशाचे थर दिसले, आणि थरांत पानांचे ठसे. त्यांनी सुमारे ३५ पौंड, म्हणजे १६ किलो दगड घेतले आणि शेवटपर्यंत ओढले. वाटेत एव्हान्स गेला, ओट्स गेला. उरलेले तिघे रसदीच्या साठ्यापासून जेमतेम अठरा किलोमीटरवर तंबूतच संपले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला. प्रेतं होती, डायऱ्या होत्या, आणि ते दगडही होते.

याला कुणी वेडेपणा म्हणतं, कुणी विज्ञाननिष्ठा. माझ्या मते दोन्हींच्या मध्ये काहीतरी आहे. शर्यत हरली होती. ते दगड एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं, जे आमुंडसेनकडे नव्हतं.

दगड केंब्रिजला गेले. तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सेवर्ड यांनी ते तपासले आणि १९१४ मध्ये निष्कर्ष छापला. पान होतं ग्लॉसोप्टेरिसचं. ग्रीक भाषेत ग्लॉसा म्हणजे जीभ. जिभेच्या आकाराचं, मधोमध ठळक शीर असलेलं आणि बाजूला जाळीसारख्या बारीक शिरा असलेलं हे पान. सेवर्डनी जात ओळखली ती ग्लॉसोप्टेरिस इंडिका. इंडिका म्हणजे भारतातली! दक्षिण ध्रुवापासून काहीशे किलोमीटरवर मिळालेल्या पानाला भारताचं नाव लागलं, कारण ते भारतातून आधीच माहीत होतं.

भारतातून म्हणजे कुठून? बंगाल-झारखंडच्या कोळसापट्ट्यातून आणि आपल्या नागपुरातून. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ते त्यांच्याच नावाचं. धर्मप्रचाराच्या जोडीने त्यांना दगड फोडायचा नाद होता. कामठी, सिल्लेवाडा या भागातल्या वाळूच्या दगडांतून त्यांनी पानांचे ठसे गोळा केले. त्या खडकांना भूगर्भशास्त्रात आजही कामठी थर म्हणतात. आणि ही पानं, हे खडक असलेल्या सगळ्या भूभागांना मिळून जे नाव पडलं ते गोंडवन. आपल्या गोंडांच्या मुलखाचं नाव. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळं एकेकाळी एकत्र होतं, त्या महाखंडाला आज जगभर गोंडवना म्हणतात.

आता लखनौ. सेवर्ड केंब्रिजला स्कॉटचे दगड तपासत होते त्याच वर्षांत त्यांच्या विभागात पंजाबातून आलेला एक विद्यार्थी शिकत होता: बीरबल साहनी. १९११ मध्ये तो तिथे गेला. १९२० साली सेवर्ड आणि साहनी या दोघांनी मिळून भारतातल्या गोंडवनी वनस्पतींचा फेरअभ्यास प्रसिद्ध केला. १९२१ मध्ये साहनी लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तिथेच राहिले. छिंदवाडा-नागपूर भागातल्या, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या वनस्पतींवर त्यांनी केलेलं काम प्रसिद्ध आहे. पण आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे तो त्यांचा १९३०च्या दशकातला एक युक्तिवाद. खंडं सरकतात, हे वेगेनरचं म्हणणं तेव्हा बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ हसण्यावारी नेत होते. साहनींनी पानांकडे बोट दाखवलं. भारतातली ग्लॉसोप्टेरिसची वनस्पतिसृष्टी आणि चीन-सुमात्राकडची वनस्पतिसृष्टी आज नकाशावर शेजारी-शेजारी दिसतात, पण एकमेकींशी काही नातं सांगत नाहीत. म्हणजे त्या कधीतरी लांब होत्या आणि नंतर जवळ आल्या. खडकांवर वाद घालता येतो, पण एवढी जड बी समुद्र ओलांडून चार खंडांवर कशी रुजली याचं उत्तर द्यावंच लागतं.

१९४६ मध्ये साहनींनी संस्था काढली. आपला जीवाश्मांचा संग्रह, ग्रंथसंग्रह तिला दिला. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी इमारतीची कोनशिला बसवली. ती कोनशिलाही साहनींनी स्वतः तयार केलेली, निरनिराळे जीवाश्म जडवलेली. आठवडाभरात, १० एप्रिलला, हृदयविकाराने साहनी गेले. समाधी संस्थेच्या आवारातच आहे. पुढे सावित्री साहनींनी संस्था सांभाळली आणि १९५३च्या जानेवारीत नेहरूंनीच येऊन इमारतीचं उद्घाटन केलं. जाता जाता सांगतो, केंब्रिजला नेहरूंचे विषय होते रसायन, भूगर्भ आणि वनस्पतिशास्त्र. कायदा त्यानंतरचा. त्यामुळे त्या कोनशिलेत काय आहे हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

आता याच नेहरूंचं सरकार तीन वर्षांनी काय करतं ते पाहू. पण आधी त्यावेळचा अंटार्क्टिका डोळ्यांपुढे आणा. भारताच्या सव्वाचार पट क्षेत्र. मूळ रहिवासी कोणीही नाही. सात देशांनी त्याचे केकसारखे तुकडे कापून ठेवलेले: ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अर्जेंटिना आणि चिली. त्यातही ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे तुकडे एकमेकांवर चढलेले. १९५२ च्या फेब्रुवारीत होप बे इथे उतरणाऱ्या ब्रिटिश तुकडीच्या डोक्यावरून अर्जेंटिनाच्या लोकांनी मशीनगनच्या गोळ्या झाडल्या. कुणी मेलं नाही, पण बर्फावरही बंदूक चालते हे जगाला कळलं. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी स्वतः दावा केला नव्हता, पण दुसऱ्या कुणाचा मानतही नव्हते. आणि हा काळ अणुचाचण्यांचा. माणूस नसलेली जागा म्हणजे बॉम्ब फोडायला उत्तम जागा, असं म्हणणारे लोक होते.

१७ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त राष्ट्रांतले भारताचे प्रतिनिधी आर्थर लाल यांनी पत्र दिलं: 'अंटार्क्टिकाचा प्रश्न' आमसभेच्या कामकाजात घ्या. हा भूभाग फक्त शांततेसाठी, सगळ्या जगाच्या हितासाठी वापरला जावा, तिथे अणुस्फोट होऊ नयेत. भारताची काळजी हवेतली नव्हती. तिथलं हवामान बिघडलं तर दक्षिण गोलार्धातले वारे बदलतील आणि आपला पाऊस त्याच वाऱ्यांवर येतो. ज्या देशाचं अंदाजपत्रक पावसाशी जुगार खेळतं, त्याला एवढं विचारायचा हक्क होता.

उत्तर काय मिळालं? अर्जेंटिना आणि चिली संतापले. हा आमच्या घरचा मामला, म्हणाले. इतर दावेदारांनाही ते नको होतं. मोठ्या सत्तांनी पाठ फिरवली. भारताने ठराव मागे घेतला. १९५८ च्या जुलैमध्ये पुन्हा दिला. पण तोवर अमेरिकेने स्वतःचा डाव टाकला होता. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं आणि त्यात बारा देशांनी अंटार्क्टिकात संशोधन केलं. सात दावेदार, शिवाय अमेरिका, सोव्हिएत रशिया, बेल्जियम, जपान आणि दक्षिण आफ्रिका. मे १९५८ मध्ये अमेरिकेने फक्त या बारांना बोलावलं. वॉशिंग्टनला बंद दाराआड वर्षभराहून जास्त बैठका झाल्या आणि १ डिसेंबर १९५९ रोजी करारावर सह्या झाल्या. २३ जून १९६१ पासून तो लागू झाला. ज्या देशाने प्रश्न पहिल्यांदा जगाच्या चावडीवर आणला, तो सह्या करणाऱ्यांत नव्हता. वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती. भारताने विषय चावडीवर नेला म्हणूनच या बाराजणांना घाईने घरात बसून तोडगा काढावासा वाटला, असं माझं मत आहे, आणि अनेक अभ्यासकही तसं मानतात.

तरीही करार चांगला आहे, हे कबूल करायला हवं. फक्त चौदा कलमं. पहिलं: साठ अंश दक्षिणेच्या खाली लष्करी तळ नाही, कवायती नाहीत, शस्त्रांच्या चाचण्या नाहीत. पाचवं: अणुस्फोट नाही, अणुकचराही टाकायचा नाही. भारताची मागणी इथे शब्दशः आली म्हणा ना. सातवं: कुठल्याही सल्लागार देशाचे निरीक्षक कुणाच्याही केंद्रात कधीही शिरून तपासणी करू शकतात. शीतयुद्ध भरात असताना, १९६४ साली, अमेरिकन निरीक्षक सोव्हिएत केंद्रं पाहून आले. जगात दुसरीकडे कुठेही हे शक्य नव्हतं.

आणि चौथं कलम. मला ते सगळ्यात आवडतं, कारण ते वाड्यातल्या भाऊबंदकीवर आपल्या वडीलधाऱ्यांनी काढलेल्या तोडग्यासारखं आहे. वाटणीचा खटला निकालात काढायचा नाही, मागेही घ्यायचा नाही. ज्याचा दावा आहे त्याचा राहू दे, ज्याला मान्य नाही त्याला नसू दे. फक्त करार लागू आहे तोवर नवा दावा नाही, जुना वाढवायचा नाही, आणि या काळात तुम्ही तिथे काहीही बांधलंत तरी ते मालकीचा पुरावा ठरणार नाही. या एका कलमावर सगळी इमारत उभी आहे.

खोट होती ती नवव्या कलमात. करारात सामील कोणीही होऊ शकतं, पण निर्णयात मत कुणाला? जो देश तिथे 'भरीव वैज्ञानिक संशोधन' करतो, म्हणजे केंद्र उभारतो किंवा मोहीम पाठवतो, त्यालाच. ऐकायला रास्त वाटतं. पण बघा, लखनौची संस्था अंटार्क्टिकाच्या जुळ्या भावाचा, म्हणजे आपल्या गोंडवनी खडकांचा, अभ्यास करत होती. ते विज्ञान या दारात चालत नव्हतं. तिथे जहाज लागत होतं. ज्ञानाच्या नावाखाली प्रवेश फी पैशांत होती.

मधल्या काळात भारतीय गेले ते इतरांच्या मोहिमांतून. गिरिराज सिंह सिरोही हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९६०-६१ मध्ये अमेरिकनांबरोबर थेट दक्षिण ध्रुवावर गेले. तिथे फिरत्या टेबलांवर घेवड्याची रोपं, फळमाश्या, झुरळं ठेवून पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम रद्द केला, तरी त्यांची शरीरातली घड्याळं चालूच राहिली, असा तो प्रयोग. सुंदर प्रयोग आहे, एखाद्या वेगळ्या भागात सांगेन. पण करारात त्याने भारताला काही मिळालं नाही.

मग १९८१ साल. जुलैमध्ये महासागर विकास विभाग निघाला, त्याचे सचिव सय्यद झहूर कासिम. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते आधीचे संचालक. ६ डिसेंबरला एकवीस जणांची तुकडी घेऊन ते गोव्याहून निघाले. कुठे, हे जवळजवळ कुणालाच सांगितलं नव्हतं. ९ जानेवारी १९८२ रोजी भारताचा झेंडा अंटार्क्टिकावर लागला आणि मग बातमी फुटली. भाड्याचं जहाज होतं 'पोलर सर्कल', नॉर्वेचं. आणि उतरले ते ज्या भागावर नॉर्वेचा दावा आहे तिथेच! चौथ्या कलमाची याहून छान शिकवणी कोणती? आज आपलं मैत्री केंद्र त्याच नॉर्वेच्या तुकड्यात आहे आणि २०१२ मध्ये सुरू झालेलं भारती केंद्र ऑस्ट्रेलियाच्या. दोघांपैकी कुणाकडूनही आपण परवानगी मागितलेली नाही.

१९ ऑगस्ट १९८३ रोजी भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबरला, चोवीस दिवसांत, सल्लागार सदस्य. पोलंडला त्यासाठी अनेक वर्षं थांबावं लागलं होतं. इतकी घाई का? कारण त्याच वर्षी मलेशियाने संयुक्त राष्ट्रांत तोच जुना प्रश्न पुन्हा आणला होता: अंटार्क्टिका साऱ्या मानवजातीचा वारसा आहे, बारा-चौदा देशांचा क्लब तो चालवू शकत नाही. म्हणजे १९५६ सालचं भारताचंच म्हणणं. गरीब देशांच्या बाजूने भारत उभा राहील अशी अपेक्षा होती. भारत आणि ब्राझील दोघेही त्या क्षणी क्लबच्या आत जाऊन बसले. आतल्यांनाही ते हवंच होतं. भारत आत आला की 'श्रीमंतांचा क्लब' या आरोपातली हवा निघते.

हे बरोबर केलं का? मलेशियाच्या मुत्सद्द्यांना दगा वाटला असेल, आणि तसं वाटण्याला कारण होतं. पण खनिजांची बोलणी तेव्हा आत सुरू झाली होती. खनिजांचा नियम ठरत असताना बाहेर उभं राहून घोषणा देणं आणि आत बसून हात वर करणं, यांत मी दुसऱ्या बाजूचा आहे. का, ते पुढे सांगतो.

तिसऱ्या मोहिमेचा उल्लेख आपल्या घरचा म्हणून करतो. १९८३-८४ ची ही मोहीम, हर्ष गुप्तांच्या नेतृत्वाखाली. तिने दक्षिण गंगोत्री हे पहिलं केंद्र बांधलं. तिच्यात पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया होत्या: भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अदितीताई नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या, औंधच्या पंत घराण्यातल्या. वडील अप्पासाहेब पंत, नेहरूंच्या काळातले नामवंत राजदूत. समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्म जीव हा अदितीताईंचा विषय; पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या. दक्षिण गंगोत्री पुढे काही वर्षांत बर्फाखाली गाडलं गेलं, कारण ते तरंगत्या हिमकपाटावर होतं. मैत्री खडकावर बांधलं. आणि टपालाच्या हिशेबात हे सगळं आपल्याकडे येतं: २०२४ मध्ये भारती केंद्रावर टपाल कार्यालय उघडलं, त्याचा प्रायोगिक पिनकोड एमएच-१७१८. गोवा महाराष्ट्र टपाल मंडळात आहे ना!

लखनौही मग खरोखर अंटार्क्टिकात पोचलं. साहनी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मैत्रीच्या परिसरातल्या, म्हणजे शिर्माकर ओअॅसिसमधल्या, तळ्यांचा गाळ आणि शेवाळाचे गादीसारखे पुंजके तपासले. त्यात परागकण मिळतात. तिथे एकही झाड नाही; म्हणजे परागकण दुसऱ्या खंडांवरून वाऱ्याने आले. गाळाच्या थरांतून हजारो वर्षांचे वारे वाचता येतात. लखनौतच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. तिथल्या दलीप कुमार उप्रेती आणि सहकाऱ्यांनी शिर्माकरच्या लायकेनवर काम केलं. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल, त्या जातकुळीतलं. तिकडचं मसाल्यात घालता येणार नाही. नुसतं खुडून आणायचं तरी नियम आहेत. करारानंतरच्या नियमांनुसार तिथल्या शेवाळाला, दगडफुलाला अपाय होईल एवढं काढायला परवाना लागतो. बाहेरची जात नेता येत नाही. ज्या कुत्र्यांनी आमुंडसेनला ध्रुवावर पोचवलं, त्यांच्या वंशजांनाही १ एप्रिल १९९४ पर्यंत खंडाबाहेर काढलं गेलं.

आता खनिजं. स्कॉटच्या दगडांतलं पान आठवतंय ना? तीच पानं, तेच लाकूड दलदलीत साचून, दबून जे झालं तो दगडी कोळसा. वर्धा खोऱ्यातला, उमरेडचा, वणीचा कोळसा ग्लॉसोप्टेरिस आणि तिच्या सोबतिणींच्या जंगलांचा आहे. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं वीज केंद्र त्या जंगलांवर चालतं. आणि अंटार्क्टिकात तसाच कोळसा तसाच पडून आहे. व्याख्यानानंतर मला हमखास विचारतात: मग काढत का नाहीत?

काढायची तयारी झाली होती! १९५९ च्या करारात खनिजांबद्दल एक शब्द नाही. तो विषय काढला असता तर सह्याच झाल्या नसत्या. १९८८ च्या जूनमध्ये वेलिंग्टनला वेगळा खनिज करार ठरला. खाणींवर बंदी नव्हे, खाणींचे नियम. मग १९८९ उजाडलं. जानेवारीत अर्जेंटिनाचं 'बाहिया पराइसो' जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आपटून तेल सांडलं. मार्चमध्ये अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' फुटलं. फ्रान्समध्ये समुद्रसंशोधक कूस्तो यांनी सह्यांची मोहीम चालवली. त्याच वर्षी फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया यांनी आपण या करारात नाही असं सांगितलं आणि तो मेला. दोन वर्षांत, ४ ऑक्टोबर १९९१ रोजी, माद्रिदला पर्यावरण संरक्षणाचा जोडकरार झाला. १४ जानेवारी १९९८ पासून लागू. त्याचं सातवं कलम एका वाक्याचं आहे: वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांशी संबंधित कुठलंही काम करायचं नाही. म्हणजे विल्सनसारखे सोळा किलो दगड अभ्यासाला आणता येतील, मालगाडीभर नाही.

आपल्याकडे याचा देशी कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं. भारतीय अंटार्क्टिक अधिनियम. तोवर आपल्या केंद्रावर एखाद्याने काही गैर केलं तर त्याच्यावर कुठल्या भारतीय कायद्याने खटला भरायचा, हे धड ठरलेलं नव्हतं. उशीर झाला, पण झालं.

शेवटचा मुद्दा, कारण यावर समाजमाध्यमांत फार चुकीचं फिरतं. '२०४८ मध्ये अंटार्क्टिका करार संपणार' असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. करार संपत नाही. १९५९ चा करार बेमुदत आहे, जोडकरारही बेमुदत आहे. २०४८ ला एवढंच होतं की जोडकरार लागू होऊन पन्नास वर्षं होतात, आणि त्यानंतर कोणताही सल्लागार देश फेरविचाराची बैठक मागू शकतो. बैठक झाली, बदल मंजूर झाला, तरी तो लागू व्हायला सल्लागार देशांपैकी तीन चतुर्थांशांची पक्की संमती लागते, आणि त्यात १९९१ मध्ये जे २६ देश सल्लागार होते त्या सगळ्यांची हवी. एकानेही संमती अडवली तर बदल लागू होत नाही. शिवाय खाणबंदी उठवायची तर आधी खाणींवर बंधनकारक नियमांची व्यवस्था उभी असली पाहिजे.

त्या २६ देशांत भारत आहे. १९८३ ला आत गेला म्हणून आहे. मलेशिया करारात आला २०११ मध्ये, म्हणजे या किल्लीचा वाटा त्याच्याकडे नाही.

एक खिडकी मात्र उघडी आहे. फेरविचाराच्या बैठकीत बदल मंजूर झाला आणि तीन वर्षांत लागू झाला नाही, तर एखादा देश नोटीस देऊन जोडकरारातून बाहेर पडू शकतो. आणखी दोन वर्षांनी तो मोकळा. ही खिडकी अमेरिकेच्या आग्रहाने ठेवली गेली. तिचा वापर करायचा तरी आधी बैठक, मग बहुमत, मग पाच वर्षं, आणि बाहेर पडल्यावर बर्फाखालच्या कोळशापर्यंत पोचण्याचा खर्च. वर्धा खोऱ्यात तोच कोळसा उघड्या खाणीतून डंपरमध्ये भरता येतो. तो भरायचा किती आणि कधीपर्यंत, हा प्रश्न अंटार्क्टिकाच्या कुठल्याच कलमात येत नाही. त्यावर आपण चंद्रपूरच्या भागात बोलू.